लाइन तोड

लीला दळणाच्या डब्यावर बसली होती आणि केरसुणीची काडी माझ्या कानात घालत होती. मी मधल्या खोलीत सावधानमध्ये उभी होते. टाचा जुळलेल्या, मुठी मांडीला चिकटलेल्या, नजर समोरच्या भिंतीवर. तिथे कॅलेंडरवर घोड्यावर बसलेले बसवेश्वर होते. मी त्यांच्या घोड्याच्या डोळ्यात डोळा घालून उभी राहायची. काडी कानातून निघाली, मानेवरून उतरली आणि काखेपाशी आली.

"आक्का, पाल हाय बघ तुझ्या पायाशी," लीला म्हणाली.

पाल नव्हती. असती तरी मी हलले नसते, इतकी माझी त्या दिवसांत तयारी झाली होती.

"अव्वा, ही मेली की काय बघ," तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं. आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वानं तिथूनच ऐकवलं की दोघींनी मिळून घराचा पार तमाशा करून ठेवलाय आणि भाकरी गार व्हायला लागल्यात. मग लीलानं उजवा हात उंच केला, झटकन खाली आणला आणि फर्मान सोडलं, "लाइन तोड." तेव्हा कुठे मी हलले आणि सगळ्यात आधी तिचा कान धरला.

याला आता छत्तीस वर्षं झाली. इचलकरंजीत आमचं दोन खोल्यांचं घर होतं. आप्पा यंत्रमागावर कामाला होते. मी नववीत होते आणि लीला आठ वर्षांची. मी अशी खांबासारखी उभी का राहायची, ते सांगायला हवं, कारण त्याआधीचं माझं नाव शाळेत चांगलं नव्हतं.

माझं डोकं फार तापट होतं. कुणी काही बोललं की आधी हात उठायचा आणि मग कळायचं की तो उठला. आठवीत असताना मी एका मुलीच्या कपाळावर कंपासपेटी हाणली. तिला दोन टाके पडले. मुख्याध्यापिकांनी आप्पांना बोलावून घेतलं आणि दाखला घेऊन जा म्हणून सांगितलं. आप्पा मागावरून तसेच आले होते, डोक्यावर कापसाची भुरभुर घेऊन. ते नुसते उभे राहिले. मला त्यांची इतकी लाज वाटली, आणि मग लाज वाटली म्हणून माझीच लाज वाटली. तेवढ्यात मगदूम बाई आत आल्या.

मगदूम बाई आम्हाला पीटी शिकवायच्या आणि शाळेतली मुलींची एनसीसी त्यांच्याकडे होती. अंगानं काटकुळ्या, पण आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचं कुत्रं उठून बसायचं. त्या मुख्याध्यापिकांना म्हणाल्या की या मुलीत जोर आहे, ब्रेक नाहीत, ते मी बसवते, एक वर्ष द्या. आणि दाखला टेबलाच्या खणात परत गेला.

पहिल्या रविवारी बाईंनी मला सावधानमध्ये उभं केलं. दोन मिनिटांत माझं नाक खाजलं, तीन मिनिटांत मी शेजारणीशी भांडले. बाई रागावल्या नाहीत. परेड संपल्यावर त्यांनी मला एकटीला थांबवून घेतलं.

"रोज घरी दहा मिनिटं उभी राहा," त्या म्हणाल्या. "मी बघत असताना कुणीही उभं राहील. मी नसताना राहिलीस तर ते तुझं."

एवढंच. मला ते का लागलं कुणास ठाऊक, पण लागलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं होऊ शकेल असं कुणीतरी म्हटलं होतं. मी त्याच दिवशी घरी येऊन मधल्या खोलीत उभी राहिले, आणि पाचव्या मिनिटाला लीला समोर डबा घेऊन आली. म्हणाली, "मी परेडची पाव्हणी. मी बसून बघणार."

लीलाच्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. ती पळाली, रडली, किंवा थंडीत फार वेळ राहिली की तिचे ओठ आणि नखं जांभळी पडायची. मग ती असेल तिथे उकिडवी बसायची. रस्त्यात, वर्गात, देवळाच्या पायरीवर, कुठेही. लोकांना वाटायचं पोरगी दमली. बहुतेक वेळा थोडं बसून तिचं तिलाच बरं वाटायचं. पण कधी कधी ते वाढायचं, श्वास लागायचा, डोळे फिरायचे. मिरजेच्या डॉक्टरांनी आम्हाला त्यावर काय करायचं ते शिकवून ठेवलं होतं. तिला कुशीत घ्यायचं, दोन्ही गुडघे तिच्या छातीशी घट्ट दाबून धरायचे आणि सोडायचे नाहीत. अजून दोन-तीन किलो वजन भरलं की मुंबईला ऑपरेशन करू, असं ते म्हणाले होते. त्यामुळे आमच्या घरात केळी फक्त लीलानं खायची असत.

गुडघे दाबून धरायचं काम माझं होतं. अव्वाचे हात त्या वेळी थरथरायचे आणि आप्पा मागावर असायचे. मी अकरा वर्षांची असल्यापासून ते करत होते. दाबून धरायचं आणि तिच्या कानाशी मोजायचं, एक, दोन, तीन. सत्तर-ऐंशीपर्यंत आलं की ओठांवर रंग परत यायला लागायचा. शंभरला ती डोळे उघडून म्हणायची, "झालं? सोड की आता." एवढा एक धडा माझ्या आडदांड हातांना कुणी न रागावता पाठ झाला होता.

तर आमचा खेळ. मी उभी राहायची आणि तिनं मला हलवायचं. पळता येत नाही, उड्या मारता येत नाहीत, अशा पोरीला हा खेळ म्हणजे पर्वणीच होती. बसल्या जागेवरून माझ्यासारख्या धटिंगणीला हरवायचं. तिनं काय काय नाही केलं. पायावर मुंग्या सोडल्या. माझ्या शाळेतल्या सगळ्या बाईंच्या नकला केल्या. एकदा गुळाचा खडा माझ्या ओठांपाशी धरून बसली आणि शेवटी स्वतःच खाल्ला. नियम एकच होता. खेळ संपवायचा तो तिनं. हात वर, हात खाली, आणि लाइन तोड. ते शब्द तिला माझ्याकडूनच कळले होते. परेड संपली की बाई तेच म्हणायच्या. पण लीलाच्या तोंडी ते असे बसले होते की जणू ती वर्दी घालूनच जन्माला आली होती.

दिवाळीनंतर एकदा तिनं नवीन युक्ती काढली. डब्यावरून घसरून खाली उकिडवी बसली, जीभ बाहेर काढली, डोळे वर फिरवले. मी खेळ विसरून झेपावले, तिला कुशीत घेतलं, गुडघे दाबले आणि मोजायला लागले. बारावर आले तेव्हा ती खदाखदा हसली.

"हाललीस! आक्का, तू हाललीस की!"

मी तिच्या फाडकन थोबाडीत मारली. लीलावर मी त्याआधी कधी हात उगारला नव्हता. ती रडली नाही, रडले मीच, ढसाढसा. आणि रडता रडता मी जे बोलले, ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे. मी म्हणाले, "पुन्हा हे सोंग केलंस तर मी जागची हलणार नाही. खरंखुरं झालं तरी नाही."

लीला गाल चोळत म्हणाली, "नकोच हलू. मी लाइन तोड म्हटल्याशिवाय हलायचंच न्हाई."

त्यानंतर तिनं तेच सोंग आणखी दोनदा केलं. मी हलले नाही. घोड्याच्या डोळ्यावरून नजर काढली नाही. दोन्ही वेळा ती कंटाळून उठून बसली आणि म्हणाली की तुझ्यासंगं खेळण्यात आता मजा राहिली नाही. मला खूप अभिमान वाटला. माझा हात उठण्याआधी मला कळायला लागलं होतं. शाळेत कुणी चिडवलं तरी मी गप्प राहू शकत होते. बाईंनी मला शेवटच्या रांगेतून उचलून पहिल्या रांगेत आणलं, उजवीकडून तिसरी.

सव्वीस जानेवारीच्या संचलनाला त्या वर्षी गावातल्या सगळ्या शाळा मोठ्या मैदानावर येणार होत्या. बाई आम्हाला रोज सकाळी घोटून घेत होत्या. सरावात ताटकळून मुली पडायच्या. पहिल्यांदा माझ्या शेजारची पडली तेव्हा मी खाली वाकले आणि बाईंची हाक आली. तिला उचलायला दोन मुली आधीच नेमलेल्या आहेत, त्यांचं काम त्या करतील, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

"तुझं काम उभं राहणं. प्रत्येकजण मदतीला धावला तर ती गर्दी झाली, पलटण नाही."

मला ते पटलं. आजही ते चूक होतं असं मी म्हणू शकत नाही.

आदल्या संध्याकाळी मी पितळी बक्कल चिंचेनं घासत बसले होते आणि लीला माझी टोपी घालून बसली होती. टोपीवर लाल पिसांचा तुरा होता. त्या तुऱ्यावर तिचा फार जीव होता. पैज तिनंच लावली. उद्या तिनं मला मैदानावर हलवलं तर तुरा तिचा, नाही हलवलं तर ती महिनाभर माझी कुठलीही वस्तू हातात धरणार नाही.

"तिथं भोंगा लावत्यात," ती म्हणाली. "माझा आवाज न्हाई येणार तुला. मी नुसता हात करीन. हात खाली आला की लाइन तोड."

मी म्हटलं, तिथं ते चालायचं नाही, तिथं फक्त बाईंचा हुकूम.

"बाईंचा तिथं," लीला म्हणाली. "माझा कुठंबी."

सकाळी थंडी चांगलीच होती. मी सहालाच निघून गेले. ठरलं होतं असं की आप्पा आधी लीलाला सायकलवरून आणून सोडतील आणि मग अव्वाला आणायला परत जातील. अव्वानं आधी तिला एकटीला पाठवू नका म्हणून सांगितलं होतं, पण झेंडा चुकेल म्हणून लीलानं घर डोक्यावर घेतलं. आप्पांनी तिला मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपाशी बसलेल्या एका बाईंच्या शेजारी नेऊन बसवलं, जरा लक्ष ठेवा म्हणाले, आणि परत फिरले. हे सगळं मला नंतर कळलं. फाटकापासून दोरीपर्यंत ती पळत आली, आप्पांचा हात सोडून, हेही नंतरच.

मला ती दिसली तेव्हा झेंडा वर गेला होता आणि पाहुण्यांचं भाषण सुरू होत होतं. व्यासपीठाच्या डावीकडे दोरीला लागून पाण्याची टाकी होती, तिच्या कट्ट्यावर त्या बाईंच्या शेजारी ती बसली होती. अव्वानं तिला माझा जुना लाल स्वेटर घातला होता. माझ्या समोरच, जरा तिरकी. आम्ही विश्राममध्ये होतो, पाय फाकलेले, हात पाठीमागे. त्याला विश्राम म्हणतात इतकंच, त्यातही बोट हलवायचं नसतं. लीलानं मला बघून आधी गाल फुगवले. मग मगदूम बाईंची चाल काढून दाखवली, बसल्या बसल्या, नुसत्या खांद्यांनी. मला पोटातून हसू येत होतं आणि मी दात आवळून धरले होते.

मग ती कट्ट्यावरून खाली उतरली आणि उकिडवी बसली.

मी मनात म्हटलं, आलीस का शेवटी त्याच्यावर.

तिनं मान खाली घातली, पुन्हा वर केली आणि माझ्याकडे बघितलं. आमच्यात अंतर बरंच होतं, ओठांचा रंग दिसण्यासारखं नव्हतं. तिनं उजवा हात वर केला. पुरता वर गेला नाही, खांद्याच्या थोडा वर गेला आणि खाली आला.

लाइन तोड.

मी हलले नाही. मला वाटलं, तुऱ्यासाठी चाललंय. इतकं वाटलं की मला गंमत वाटली. पाहुणे शिस्तीवर बोलत होते, भोंग्यातून आवाज घुमत होता, आणि मी हसू दाबण्यासाठी त्यांच्या कोटाची बटणं मोजत होते. लीला हळूहळू एका कुशीवर झाली आणि कट्ट्याला टेकून पडली. आज सोंग चांगलं वठलंय, असंही माझ्या मनात आलं. शेजारची बाई भाषण ऐकत होती. तिला वाटलं पोरीला झोप लागली.

भाषण किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एक माणूस खाली वाकला. मग आणखी दोघं. मग त्या माणसानं लीलाला उचललं आणि दोन्ही हातांवर घेऊन तो फाटकाकडे पळाला. तिचे पाय लोंबत होते. एक चप्पल पडली.

तेव्हा मला कळलं. आणि कळूनही मी हलले नाही. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. शिस्त होती म्हणून नव्हे, शिस्त तेव्हा कुठे उरली होती. मी हलले असते तर ते खरं ठरलं असतं, म्हणून. मी उभी होते तोवर तो आमचा खेळ होता. पाहुणे बोलत राहिले आणि मी त्या चपलेकडे बघत उभी राहिले.

बाईंनी लाइन तोड म्हटलं तेव्हा मुली जिलेबीच्या पुड्यांकडे धावल्या. बाई माझ्याकडे आल्या आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास, महानंदा. दगडासारखी उभी होतीस."

मी चप्पल उचलली आणि पळत सुटले.

दवाखाना फाटकासमोरच होता. आप्पा अव्वाला घेऊन तिथं पोचले होते. डॉक्टरांनी आप्पांना एकदाच विचारलं की हिला असं झाल्यावर तुम्ही काय करत होता. आप्पा म्हणाले, "हिची बहीण गुडघे दाबून धरायची." डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले की बरोबर आहे, तेच करायचं असतं, पण दर वेळी उपयोग होतोच असं नाही. ते वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं दोन्ही बाजूंनी उलटून पालटून बघितलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात, आणि बसवूनच मातीत ठेवतात. दुपारी बायकांनी लीलाला आंघोळ घातली, कपाळाला विभूती लावली आणि मधल्या खोलीत भिंतीला टेकवून बसवलं. मान पडू नये म्हणून पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली होती. गळ्यात शेवंतीचे हार. जागा नेमकी कॅलेंडरच्या खालची होती. ती पुन्हा पाहुणी होऊन बसली होती.

मी अजून वर्दीतच होते. मी माझ्या नेहमीच्या जागी गेले आणि सावधानमध्ये उभी राहिले. टाचा जुळवल्या, मुठी मांडीला लावल्या. या वेळी घोड्याकडे नाही बघितलं, तिच्याकडे बघितलं. सकाळी तिचा हुकूम मी मोडला होता. आता ती सांगेपर्यंत मी हलणार नव्हते.

बायकांना आधी वाटलं पोरीला धक्का बसलाय. कुणी पाणी आणलं, कुणी हात धरून ओढलं. आप्पा दारातून बघत होते आणि त्यांच्याच्यानं आत येववत नव्हतं. मगदूम बाई आल्या. त्यांनी लीलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांचा तो मैदानभर जाणारा आवाज कुठेतरी गेला. त्या मला हलक्यानं "विश्राम" म्हणाल्या. मग "लाइन तोड" म्हणाल्या. मी त्यांचा हुकूम मोडला, पहिल्यांदाच. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

बाहेर भजन सुरू झालं. न्यायची वेळ झाली असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा लीलाच्या पायाशी बसलेली अव्वा उठली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी काय पाहिलं होतं ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण खेळ तिच्या घरात, तिच्या डोळ्यांदेखत रोज चालला होता.

"तिनं हात केला होता व्हय?" अव्वानं विचारलं.

मी डोळ्यांनीच हो म्हटलं. मान हलवायची परवानगी नव्हती.

अव्वानं डोळे मिटून घेतले. मला वाटलं ती मला मारणार. मारलं असतं तर फार बरं झालं असतं. मग तिनं उजवा हात वर केला. भाकरी थापणारा, भाजल्याच्या डागांचा तिचा हात. तिनं तो खाली आणला.

"लाइन तोड," ती म्हणाली. "तिच्याऐवजी मी सांगते. लाइन तोड, नंदा."

मी हलले. दोन पावलांत लीलापाशी गेले, गुडघ्यावर बसले, तिला कुशीत घेतलं आणि तिचे गुडघे छातीशी दाबायला लागले. तिची मांडी घातलेली होती, ती उलगडेना. हार चुरगळले, विभूती माझ्या गालाला लागली. पाहुण्या बायका ओरडल्या, कुणीतरी मला मागून धरलं. अव्वा म्हणाली, "सोडा तिला. हात लावू नका."

मग ती माझ्या शेजारी येऊन बसली. मी लीलाच्या कानाशी एक म्हटलं, दोन म्हटलं, तीन म्हटलं. बाहेरचं भजन कुणीतरी थांबवलं होतं. सत्तरला मी तिच्या ओठांकडे बघितलं, ऐंशीला पुन्हा बघितलं. अव्वानं मला शंभरपर्यंत मोजू दिलं.